कड्यावरच्या मधाचा आकडा

मित्रांनो, मी एका मधाच्या प्रयोगशाळेतला जुना रंगमापक. माझ्या पोटात एक दिवा आहे. त्याच्यापुढे काचेची कुपी ठेवली, की आतल्या द्रवाने किती उजेड गिळला ते मी आकड्यात सांगतो.

कारखान्यात माझी भिंगे बसवली तेव्हा मी कशाच्या कामी येणार हे मला ठाऊक नव्हते. प्रयोगशाळेत आल्यावर तिथल्या तपासनीस बाईंनी मला शहाणे केले. कापलेले फळ उघडे राहिले की काळे पडते ना? तशीच शरीराचीही आतून झीज होते. ती अडवणाऱ्या घटकांना अँटिऑक्सिडंट म्हणतात. बाई जांभळ्या द्रावणात मध घालत. असे घटक जितके जास्त, तितका जांभळा रंग फिका पडे, आणि किती रंग उतरला त्यावरून मी घटकांचा आकडा देई. पेटीत पाळलेल्या माश्यांचा सोनेरी मध रंग सावकाश उतरवी. नांगी नसलेल्या इवल्या माश्यांचा पातळ, आंबूस मध झपाट्याने उतरवी. सगळ्यांत मुख्य भाग साखर नि पाणी हाच. फरक असे तो उरलेल्या चिमूटभर घटकांत. माशी कोणती आणि ती कोणत्या फुलावर बसली, यावर तो ठरे.

बाईंचा थोरला भाऊ दोराला लोंबकळून कड्यावरच्या आग्या माश्यांचा मध काढी. एका वर्षी त्याचा नेहमीचा कडा ओस पडला. माश्या का गेल्या, कुणालाच कळेना. म्हणून तो दूरच्या कड्यावर गेला. तिथे लाल फुलांच्या झुडपांखेरीज काही नव्हते.

"शेळ्यासुद्धा तोंड लावत नाहीत त्या झुडपांना," असे हसत म्हणून त्याने डबा टेबलावर ठेवला. मध काळपट तांबडा होता.

बाईंनी तो तपासला. जांभळा रंग बघता बघता पिवळा झाला. उभ्या आयुष्यात मी एवढा मोठा आकडा दाखवला नव्हता.

"म्हातारा अजून कामाचा आहे!" म्हणत प्रयोगशाळेच्या साहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. तो मध बरण्यांत भरून विकायला काढला आणि माझा आकडा त्यांच्या चिठ्ठ्यांवर छापला गेला. मीही फुशारून गेलो. झुडपांबद्दल कुणी एक शब्द काढला नाही.

पंधरवड्याने भाऊ पुन्हा आला.

"आईला रोज सकाळी तुझ्या त्या आकड्याचा मध देतोय," तो म्हणाला. "अशक्तपणा फार आलाय गं. उठली की गरगरतं तिला. म्हणून आजपासून दोनाचे चार चमचे केले."

बाईंच्या हातातली कुपी थांबली. "दादा, गरगरायला कधीपासून लागलं?"

"झाले आठ-दहा दिवस."

"आणि मध कधीपासून देतोस?"

भाऊ बोटांवर दिवस मोजू लागला. बाईंनी उरलेल्या नमुन्याचा थेंब जिभेला लावला. त्यांनी घसा धरला. "जळजळतोय रे! घरी फोन लाव आधी."

फोन वहिनींनी उचलला. त्यांचा आवाज मलाही ऐकू आला. "मघाशीच दिला मध. झोपल्यात. कधीच्या हाका मारतेय, पण ओ देत नाहीत."

माझा दिवा तसाच जळत ठेवून दोघे धावत गेले.

आई वाचल्या. इस्पितळात पोचल्या तेव्हा त्यांची नाडी निम्म्यावर आली होती. चौथ्या दिवशी त्या घरी परतल्या, पण भावाने तो चमचा पुन्हा हातात धरला नाही. पुढे मोठ्या प्रयोगशाळेने त्या मधात लाल फुलांतले विष शोधून काढले. माझा आकडाही चुकला नव्हता. औषध आणि विष एकाच थेंबात सुखाने नांदत होते, आणि मला त्यातले एकच दिसत होते.

साहेबांनी मला कोठीत टाकले. भिंगांवर आता बुरशी चढते आहे. बाई मधूनमधून येतात, धूळ पुसतात आणि म्हणतात, "तुझा काय दोष? प्रश्न आम्हीच अर्धा विचारला."

मला तेवढ्याने सुटल्यासारखे वाटत नाही. विकल्या गेलेल्या चाळीस बरण्या बाईंनी परत मागवल्या. अडतीस आल्या. दोन अजून कुणाच्या तरी फडताळात आहेत, आणि मध सहसा नासत नाही, मित्रांनो. चिठ्ठीवर माझाच आकडा आहे. तो वाचून कुणी आपल्या म्हाताऱ्या माणसासाठी चमचा भरत असेल, तर त्याचा हात धरा. विचारा, ही माशी कुठल्या फुलावर बसली होती?