कंसातलं वाक्य

फिल्म बेचाळीस मिनिटांची होती. एकोणतिसाव्या मिनिटाला मेहुण्यांनी हात वर केला, वर्गात मास्तरांना थांबवावं तसा.

"हे काढा," ते म्हणाले.

संकलन करणाऱ्या बाईंनी चित्र थांबवलं. निर्मातीने मान वळवून मेहुण्यांकडे पाहिलं. मेहुण्यांची लेक शेजारच्या खुर्चीत मघापासून डोळे पुसत होती, तीही थांबली.

मेहुणे हे काही त्यांचं नाव नव्हे. त्यांची बायको टीव्हीवर चोवीस वर्षं ताई होती. लहानथोर सगळे तिला ताई म्हणत, म्हणून हे आपोआप सगळ्यांचे मेहुणे झाले. वाहिनीच्या दारावरचा शिपाईसुद्धा "या मेहुणे" म्हणूनच दार उघडायचा. ताईला जाऊन सात आठवडे झाले होते. शनिवारी तिच्यावरचा कार्यक्रम थेट प्रक्षेपित होणार होता आणि त्याआधी घरच्यांनी फिल्म बघून घ्यावी म्हणून या दोघांना बोलावलं होतं.

तोवर सगळं ठीक चाललं होतं. आधी हवामानवाली ताई दिसली. पहिल्याच दिवशी तिने नकाशावर चुकीच्या जागी हात ठेवून भर समुद्रात कोरडं हवामान सांगितलं होतं. मग मुलांच्या कार्यक्रमात कापडी बदकाशी भांडणारी ताई. मग मंत्र्यांच्या मुलाखती घेणारी. "बदकाची सवय कामाला आली," असं ती तेव्हा म्हणायची. स्वतःला चहापलीकडे काही येत नसताना तीन वर्षं स्वयंपाकाचा कार्यक्रम केला. मतमोजणीच्या दिवशी अकरा तास खुर्चीवरून हलली नाही. आणि शेवटी प्रश्नमंजुषा, जिने तिला घराघरात नेलं.

या सगळ्यात मेहुणे पडद्यावर कुठेच नव्हते, पण हजर होते. ते टेलिप्रॉम्प्टर चालवायचे. कॅमेऱ्यापुढच्या काचेवर जी अक्षरं वर सरकतात, ती सरकवण्याचं काम. सुरुवातीला कागदाची गुंडाळी होती, नंतर संगणक आला. बोलणाऱ्याचा श्वास ओळखून सरकवावं लागतं. ती थांबली की थांबायचं, तिने घाई केली की आपणही करायची. "बायको काय बोलणार हे आधीच ठाऊक असलेला जगातला एकमेव नवरा," असं स्टुडिओत म्हणत. त्यावर ताई म्हणायची, "इथे तो सरकवतो, घरी मी."

काचेवर वाचायचं तेही असायचं आणि करायचं तेही. वाचायचं ते सरळ लिहायचं, करायचं ते कंसात. (थांबा.) (पत्र उचला.) (दोन नंबरच्या कॅमेऱ्याकडे वळा.) बावीस वर्षांत मेहुण्यांचा एक कंस चुकला नव्हता आणि ताईने कंसातला एक शब्द मोठ्याने वाचला नव्हता.

आता समोरच्या चित्रात ती प्रश्नमंजुषेत हरलेल्या एका बाईंचा हात हातात घेऊन उभी होती. ती म्हणाली होती, "तुम्ही फार छान खेळलात. डावीकडे बघून हसा." आणि मग स्वतः डावीकडे बघून हसली होती. मग सगळा स्टुडिओ हसून लोळला. हरलेल्या बाईसुद्धा.

त्याला आता सहा वर्षं होत आली. अजून लग्नात फोटोवाले म्हणतात, "डावीकडे बघून हसा." दात काढल्यावर डॉक्टर म्हणतात. लोकांना वाटतं, ताईने मुद्दाम केलं.

"मेहुणे, हे काढलं तर लोक मला रस्त्यात गाठून मारतील," निर्माती म्हणाली. तिला ताईनेच हाताला धरून कामाला लावलं होतं. "मतमोजणी काढू? बदक काढू? हे कसं काढू?"

"त्या जागी पुराच्या वेळचं घाला. सहा तास बोलली होती, लिहिलेलं काही नसताना."

"तेही घालते. पण हे का काढायचं? कारण सांगा, आत्ता काढते. तुमच्या शब्दाबाहेर मी नाही."

मेहुण्यांनी तोंड उघडलं.

त्या दिवशी घरी जाताना ताई गाडीत शेजारी बसली होती. ती म्हणाली, "ते वाचायचं नव्हतं का रे?"

"नव्हतं. जाऊ दे, लोक हसले, खूश झाले."

"मग कळतं कसं? वाचायचं कुठलं आणि नाही कुठलं?"

"अगं, कंस होता ना."

"ती दोन वाकडी चिन्हं?" ती म्हणाली. "ती कशासाठी असतात?"

मेहुण्यांनी गाडी कडेला घेतली होती. चार महिन्यांनी डॉक्टरांनी त्या दुखण्याचं नाव सांगितलं. पुढे दोन वर्षं ती पडद्यावर राहिली. मेहुण्यांनी कंस बंद केले, अक्षरं मोठी केली, पाहुण्याचं नाव दर तिसऱ्या ओळीला लिहिलं. कुणाला पत्ता लागला नाही. मग विश्रांती घ्यायची म्हणून तिने काम सोडलं. "आजार नंतर आला," असंच सगळ्यांना सांगितलं. दूर नोकरीला असलेल्या लेकीलाही.

ताईनेच वदवून घेतलं होतं. "घरातलं दुखणं घरात. पडद्यावर मी धडधाकट होते, असंच राहू दे. नाहीतर लोक माझा एकेक कार्यक्रम काढून बघतील, ही कुठे चुकली, तिथे चुकली का. तू कुणाला सांगायचं नाहीस. पोरीलाही नाही."

आता कारण सांगावं तर वचन मोडतं, न सांगावं तर तिच्या दुखण्याच्या पहिल्या दिवशी लोक पुन्हा हसणार. मेहुण्यांनी तोंड मिटलं.

"तसं काही नाही," ते म्हणाले. "मला आपलं वाटलं."

"बाबा," लेक म्हणाली, "मला तर तोच तुकडा सगळ्यात आवडतो. किती खुदकन हसलीय आई."

"हो," मेहुणे म्हणाले. "राहू दे."

संकलन करणाऱ्या बाईंनी चित्र पुढे सोडलं.

शनिवारी संध्याकाळी स्टुडिओ भरला होता. मेहुण्यांना पहिल्या रांगेत बसवलं. ते सवयीने कॅमेऱ्याच्या काचेकडे बघत होते. तिथे आता एक मुलगी बसून अक्षरं सरकवत होती, जरा घाईने. तो तुकडा आला तेव्हा चारशे माणसं एकदम हसली. लेक मेहुण्यांच्या खांद्यावर डोकं टेकून हसली. मेहुणेही हसले. न हसून कसं चालेल?

मग सूत्रसंचालकाने त्यांना वर बोलावलं. पोरगा चुणचुणीत होता, ताईच्या जागेवर दोन वर्षं होता. मतमोजणीचं विचारलं, बदकाचं विचारलं. मेहुणे दोन-दोन शब्दांत सांगत गेले. मग पोरगा हातातल्या कागदाकडे न बघता म्हणाला,

"मेहुणे, एक गोष्ट मला कायम खटकते. प्रॉम्प्टरवर मीही वाचतो. कंसातलं चुकून वाचलं जात नाही हो, डोळा आपोआप उडी मारतो. बावीस वर्षं ताईंनी कधी वाचलं नाही. मग त्याच दिवशी त्यांना झालं काय?"

त्याच्या मनात काही नव्हतं. बोलता बोलता सहज विचारलं त्याने. पण समोर चारशे माणसं, त्यामागे कॅमेरे, त्यामागे घराघरांतले लोक. पहिल्या रांगेत निर्माती होती. तिच्या चेहऱ्यावरचं हसू कमी झालं आणि ती मेहुण्यांकडे रोखून बघू लागली. "हे काढा," असं ते परवा म्हणाले होते, हे तिला आता आठवलं असावं.

मेहुण्यांनी काचेकडे बघितलं. तिथे पोरग्याचं पुढचं वाक्य होतं. त्यांच्यासाठी काहीच लिहिलेलं नव्हतं.

"तिला काय होणार?" ते म्हणाले. "चूक माझी. त्या दिवशी मी कंस टाकायलाच विसरलो."

आधी कुणाला कळलं नाही. मग कळलं तसा मागच्या रांगेपासून हशा उठला आणि पुढे आला. पोरग्याने कपाळावर हात मारला. "म्हणजे सहा वर्षं आम्ही ताईंच्या नावाने हसतोय आणि गुन्हेगार इथे बसलाय!" टाळ्या पडल्या. निर्मातीने सुटकेचा श्वास टाकला आणि तीही टाळ्या वाजवू लागली. "तरीच परवा काढा काढा चाललं होतं!" ती शेजारच्याला म्हणाली. मेहुण्यांना ते ओठांवरून कळलं.

पोरग्याच्या सांगण्यावरून तो तुकडा पुन्हा लावला. या वेळी लोक ताईकडे न बघता मेहुण्यांकडे बघून हसले. मेहुणे हात जोडून उभे राहिले.

कार्यक्रम संपल्यावर सगळ्यांनी त्यांना घेरलं. जुना कॅमेरावाला म्हणाला, "मेहुणे, तुमच्या हातून? माझा विश्वास बसत नाही. माणसं तुमच्या कंसाची शपथ घ्यायची." मेहुणे म्हणाले, "होतं एखाद्या वेळी." शिपायानेही थट्टा केली. लेक मात्र पुढे निघून गेली होती.

ती गाडीजवळ उभी होती. त्यांनी कुलूप उघडलं तरी ती आत बसली नाही.

"आईला माहीत होतं?"

"काय?"

"की चूक तुमची होती."

मेहुण्यांनी मान हलवली. ती हो होती की नाही, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

"सहा वर्षं, बाबा. ती दुकानात गेली की लोक तिला म्हणायचे, डावीकडे बघून हसा. शेवटी शेवटी ती घाबरायची, माहितीय? सुट्टीत मी तिला बाहेर नेलं होतं, तेव्हा एक जण म्हणाला तर तिने माझा हात घट्ट धरला. आणि तुम्ही एकदाही बोलला नाहीत की मी चुकलो."

मेहुण्यांना हात धरल्याचं माहीत नव्हतं. कुठल्या हाताने धरला, कुठल्या दुकानात, त्यांना विचारायचं होतं.

"तिची माफी तरी मागितली होतीत?"

"राहून गेलं," मेहुणे म्हणाले.

लेक मागच्या सीटवर जाऊन बसली. पुढची, त्यांच्या शेजारची जागा रिकामी राहिली. त्यांनी गाडी सुरू केली, फाटकाशी वेग कमी केला. शिपायाने खिडकीत वाकून काहीतरी गमतीचं सांगितलं आणि मेहुणे हसले.