बर्टनसाहेबाचं बीट

इंग्लंडात मंदी आली हे सोनईत सगळ्यांच्या आधी आप्पासाहेबांना कळलं. त्याला कारण त्यांची सून आरती. तिचं काम घरबसल्या, लॅपटॉपवर. तिकडची एक कंपनी तिकडच्याच लोकांना फोन करून विचारायची की बाबांनो, या मंदीत तुम्ही पैसा वाचवता कुठं आणि घालवता कुठं? ती बोलणी रेकॉर्ड होऊन इकडं आरतीकडं यायची. तिनं ऐकायची आणि एकेक खर्च खान्यात टाकायचा. खाने तीन. गरज, सवय आणि चैन.

आप्पासाहेबांचा जन्म साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर गेलेला. आता काही काम नव्हतं. बायको लंकाबाई गेल्यापासून तर दुपार सरता सरत नव्हती. मग ते आरतीच्या खोलीच्या दाराशी खुर्ची टाकून बसायचे.

"मामा, ही बाई बघा," आरती सांगायची. सासऱ्याला ती मामा म्हणे आणि सासूला आत्या. "एवढ्या थंडीत घर तापवायचं बंद केलंय. दोन स्वेटर घालते आणि गरम पाण्याची पिशवी पोटाशी धरून टीव्ही बघते."

"आन् त्यो मगाचा गडी?"

"तो रात्रीचा दुकानात जातो. शिळा व्हायला टेकलेल्या मालावर पिवळी चिठ्ठी लावतात, अर्ध्या किमतीची. चिठ्ठ्या लावणाऱ्या पोराच्या मागं मागं लोक फिरतात म्हणे."

आप्पासाहेबांनी मांडीवर थाप मारली. "म्हंजी उतरता बाजार! तुझ्या आत्याला न्यायला पायजे हुतं तिकडं. दिवं लागल्याबिगर तिनं कधी टमाटं घेतलं न्हाई. दीडशे वर्सं आमच्यावर राज्य केलं ह्यांनी, आन् बाजार करायला आत्ता शिकले."

असं हसणं-खिदळणं चाललं होतं तोवर ठीक होतं. पण मंदी मोठी चिवट. ती त्या कंपनीतही शिरली आणि आरतीचं काम निम्म्यावर आलं. रविवारी आरतीनं चहा केला, आणि नवरा अजिनाथ आणि मामा दोघांना समोर बसवलं.

"इंग्लंडची मंदी आपल्या घरी आलीय. एकेकानं एकेक काहीतरी सोडायचं."

अजिनाथ दुधाचा टँकर चालवायचा. त्यानं वाटेवरची मिसळ सोडली. आरतीनं मोबाईलवर ड्रेस बघायचे सोडले. आप्पासाहेबांनी तर मन मोठं केलं. न्हाव्याकडची दाढी सोडली आणि पेपरही सोडला, वाचनालयात जाऊन वाचीन म्हणाले.

"अजून एक, मामा," आरती म्हणाली. "शेपू."

आप्पासाहेब वर पंख्याकडं बघायला लागले. "शेपूचं काय?"

"दर बाजारला जुडी आणता. खातं कोण? मी नाही, हे नाही, तुम्ही तर वासानंच उठून जाता. चार दिवसांनी फ्रिजमध्ये पिवळी पडते. मग शेळीपुढं टाकायची. शेळीसुद्धा तोंड फिरवते."

"धा रुपयाचा तर सवाल हाय."

"पैशाचं नाही हो मामा. नासाडी बघवत नाही."

"मला आवडतो शेपू."

अजिनाथ चहाच्या कपातच हसला. "दादा, कायबी! ताटाच्या कडंला कोन सारून ठिवायचं? आई शेजारी बसून उचलायची तुमच्या ताटातनं. 'एवढं सोनं टाकताय व्हय' म्हनायची..." आणि तो मधेच थांबला.



"बरं. सोडला शेपू," आप्पासाहेब म्हणाले आणि शेळीला पाणी पाजायला बाहेर गेले. शेळीला तहान नव्हती.

बाजारच्या दिवशी ते मुद्दाम कांद्याच्या रांगेनं निघाले. पण भाजीवाली बनुबाई काही कच्ची नव्हती.

"ओ आप्पासाहेब! तोंड चुकवून कुठं? माझी उधारी हाय का तुमच्याकडं?"

"न्हाई बा. मेथी बघायला चाल्लोय."

"मंग माझी मेथी काय आंधळी हाय? आन् ही तुमची जुडी. सकाळधरनं वल्या फडक्यात गुंडाळून ठिवलीय."

"आज नको. इंग्लंडात मंदी हाय."

बनुबाईनं त्यांच्याकडं खालपासून वरपर्यंत पाहिलं. "मंग इंग्लंडला सांगा, दोन रुपये कमी करते म्हून."

आप्पासाहेब हसले, पण जुडी घेतली नाही. घरी येताना पिशवी हाताला हलकी लागत होती. काट्यावर जन्म काढलेला माणूस, पिशवीत काय नाही ते हाताला बरोबर कळत होतं.

दोन दिवसांनी आरतीनं हाक मारली. "मामा, या लवकर. एक इरसाल म्हातारा आलाय."

म्हाताऱ्याचं नाव बर्टन. जन्मभर बस चालवलेली, आता एकटाच राहतो. घर गार ठेवतो आणि दिवसभर वाचनालयात ऊब खात बसतो. केस स्वतःच कापतो, मागचे कसे कापतो देव जाणे. ब्रेड पिवळ्या चिठ्ठीचा.

"आणि एवढं सगळं करून," आरती म्हणाली, "दर आठवड्याला बीटची बाटली घेतो. व्हिनेगरात मुरवलेलं बीट. तेही महागातलं. स्वस्तातलं का नाही, विचारलं तर म्हणे ते चालत नाही. बरं, बीट आवडतं का? तर म्हणे, बघवतसुद्धा नाही मला. कपाटात बाटल्यांची रांग लागलीय! चैन टाकते मी. येडेपणा असा खानाच नाही यात."

आप्पासाहेब खुर्चीत पुढं सरकले. "थांब. मंग का घेतो, ते इचारलं न्हाई व्हय?"

"विचारलं ना. ऐका."

तिनं आवाज मोठा केला. एका बाईचा प्रश्न आला. मग काहीच नाही. लांब कुठंतरी नुसतं कुत्रं भुंकत होतं. आप्पासाहेबांना वाटलं, मशीन बंद पडलं. मग म्हातारा घसा खाकरून दोन शब्द बोलला.

"काय म्हनला?"

"म्हणाला, पुढचा प्रश्न विचार पोरी."

आप्पासाहेबांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत घातला. "गरज टाक."

"मामा! न आवडणारी बाटली गरज कशी होईल?"

"गरज टाक म्हंतो ना!" त्यांचा आवाज चढला. मग त्यांनी तो खाली आणला. "दुकानात गेलं की हात त्या फळीकडं जातो गं. आन् न्हाई घेतली, तर घरी येऊन सांगायचं कुनाला, आज बीट मिळालं न्हाई म्हून?"

आरतीनं एकदा सासऱ्याकडं पाहिलं. मग गरज टाकलं, लॅपटॉप मिटला आणि चहा ठेवायला गेली.

पुढच्या बाजारला तिनंच त्यांच्या हातात पिशवी दिली. "शेपू आणा, मामा."

"म्या सोडलाय."

"आणा. पण आता शेळीला नाही. मी भाजी करणार आणि आपण खायची. ही अट."

"आसं कसं? आनायची गरज हाय, खायची कुठं हाय?"

"ते मला सांगू नका."

बनुबाईनं जुडी देताना विचारलंच. "गेली का इंग्लंडची मंदी?"

"न्हाई," आप्पासाहेब म्हणाले. "वाढली."

संध्याकाळी आरतीनं मुगाची डाळ आणि बक्कळ लसूण घालून शेपू केला. वास घरभर झाला. अजिनाथला नेमका तेवढ्यात टँकरचा फोन आला. उरले दोघं. आप्पासाहेबांनी एक घास गिळला. दुसरा गिळला. मग बोटांनी आपली जुनी वाट धरली आणि उरलेली भाजी ताटाच्या कडेला सारली. तिथं ती हिरवी ढिगली तशीच राहिली. ते तिच्याकडं बघत बसले.

आरतीनं आपलं ताट पुढं सरकवलं. "इकडं टाका."

"तुला आवडत न्हाई."

"टाका हो."

तिनं घास घेतला, डोळे गच्च मिटले, वर तांब्याभर पाणी प्याली. "आत्या कशा खात होत्या हो हे?"

"मला काय म्हाईत? म्या खाल्लाय का कधी?"

दोघंही हसायला लागले. आप्पासाहेबांना ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं. ते त्यांनी ठसक्यावर ढकललं.

"पुढच्या बाजारला अर्धीच जुडी आणा, मामा."

"बनुबाई अर्धी देत न्हाई."

"मग?"

"मंग काय," आप्पासाहेबांनी तिच्या ताटातला थोडा शेपू परत आपल्या ताटात ओढला. "खावा लागंल."