पाठमोरा माणूस

क्योतोतले चित्रकार कोसेत्सु आणि बाइरो तरुणपणापासूनचे जिवलग. पण वसंतातल्या एका बैठकीत बाइरो चारचौघांत बोलून गेला, "कोसेत्सुचे डोंगर बघितले की मला भूक लागते. मांजूचे गोल गोड उंडेच ते, नुसते वाफवून मांडलेले!" झालं, बोलणं बंद. कोसेत्सु वरवर ताठ होता, पण खरं सांगायचं तर बाइरोवाचून त्याला करमत नव्हतं. चित्र पुरं झाल्यावर शिव्या घालायलाच कुणी नाही, मग त्या चित्राला चव कसली?

मठातल्या मोठ्या गुरुजींच्या कानावर हे गेलं असावं. शरद लागताच त्यांनी रेशमाचा लांब पट्टा पाठवला. मठात टांगायला दोघांनी मिळून एक निसर्गचित्र करायचं. गुरुजींना नाही म्हणायची सोय नव्हती.

कोसेत्सुने आधी डोंगर काढले, मुद्दाम गोलमटोल. पायथ्याशी झोपडी आणि दारात कुणाची तरी वाट बघत बसलेला म्हातारा. वाळल्यावर रेशीम गुंडाळून बायकोच्या, नुइच्या, हाती बाइरोकडे धाडलं. यापेक्षा जास्त नमतं घेणं त्याच्या रक्तातच नव्हतं.

रेशीम परत आलं. वाटेवर बाइरोने एक इवलासा काठीवाला काढला होता, थेट स्वतःसारखाच पोक आलेला. आणि हा पठ्ठ्या झोपडीकडे पाठ करून चालला होता!

"बघ, बघ गं!" कोसेत्सुने रेशीम नुइपुढे धरलं. "रेशमावरची शाई निघतही नाही. जन्मभर हा मला पाठच दाखवणार."

"अहो, तुम्ही दोघं म्हणजे ना!" नुइला हसू आवरेना. "निघत नसेल तर अडवा की त्याला."

कोसेत्सु ताडकन उठला. काठीवाल्याच्या पुढ्यात त्याने नदी सोडली. फुगलेली, फेसाळती, रेशमाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत.

"जा आता, कुठे जातोस बघतो!"

नुइ पुन्हा रेशीम पोचवून आली. ती चूल पेटवते न पेटवते तोच दार धडाधडा वाजलं. दारात बाइरो, घामाघूम, काखेत रेशीम.

"अरे नतद्रष्टा! पूल कुठाय? मी घरी कसा जाऊ?"

कोसेत्सुचे डोळे भरून आले आणि वर हसूही फुटलं. "पूल मला जमत नाही रे. काढायला अख्खा हिवाळा लागेल."

 बाइरोने चपला काढल्या.

"वहिनी," त्याने आत हाक मारली, "थंडी सरेपर्यंत माझ्या वाटचाही भात टाकत जा."