भिंतीपासून सुटलेले कपाट

मी एक जुने, जड आणि भित्रे कपाट आहे. कपाट आणि भित्रे, हे ऐकून तुम्हाला हसू आले असेल. येऊ द्या, मित्रांनो. मला बोलायची सवय नाही. आयुष्यभर मी लोकांचे कपडे सांभाळले, शब्द सांभाळायची वेळ कधी आली नाही. त्यामुळे माझे सांगणे मध्येच अडकले, तर माझ्या दारांसारखे समजून घ्या. तीही जरा अडकतातच.

मला वाळवीची भीती वाटते, ओलीची वाटते, पण ती सगळ्याच कपाटांना वाटते. माझी भीती वेगळी आहे. मला भीती वाटते ती स्वतःची.

फार पूर्वी मी एक झाड होते. रस्त्याच्या वळणावर उभे असायचे. शाळा सुटली की मुले दप्तरे माझ्या बुंध्याशी टाकून फांद्यांवर चढायची. कोणी पाय हलवत बसायचे, कोणी उलटे लटकायचे. मला त्याचे काही वाटत नसे. मुळे खोल गेलेली होती. पडण्याचा विचार कधी मनातही आला नाही.

पुढे रस्ता रुंद झाला आणि मी सुताराच्या कारखान्यात आले. तिथे लाकडाचा भुसा आणि तापलेल्या सरसाचा वास भरून राहिलेला असे. सुताराने मला वर दोन दारे दिली, खाली ओढायचे चार मोठे खण दिले आणि डोक्यावर नक्षीची पट्टी बसवली. कारखान्यात येणारा जाणारा माझ्यावरून हात फिरवी. खोटे कशाला सांगू, मला ते आवडायचे.

मला विकत घेतले ते एका नवीन लग्न झालेल्या गृहस्थाने. सुतार माझ्याबरोबर त्याच्या घरी आला, मला भिंतीला टेकवले आणि खिशातून वाकवलेली लोखंडी पट्टी काढली.

"ही कशाला?" गृहस्थाने विचारले.

"ह्याला भिंतीशी बांधायला. दादा, उद्या पोरं होतील. चढतील ह्याच्यावर."

"कपाटावर कोण चढतं हो?"

"पोरांना झाड आणि कपाट एकच," सुतार म्हणाला. "झाडाला मुळं असतात. ह्याला ही पट्टी."

आणि त्याने माझ्या पाठीमागून, अगदी वरच्या बाजूला, पट्टी भिंतीत आवळून बसवली. मला तेव्हा ती कुरूप वाटली. एवढी नक्षी केली आणि मागे हा गंजका पंजा! पण ती कोणाला दिसत नव्हती, म्हणून मी गप्प बसले.

त्या घरात मी कितीतरी वर्षे उभे होते. गृहस्थाला मुलगा झाला. मुलाचा वाढदिवस आला की गृहस्थ त्याला माझ्या उजव्या कुशीला पाठ लावून उभा करी, डोक्यावर एक जाड पुस्तक आडवे ठेवी आणि पेन्सिलीने रेघ ओढी. दर वर्षी रेघ वर सरकत गेली. मग तो मुलगा मोठा झाला, त्याचे लग्न झाले आणि माझ्या कुशीवर पुन्हा खालून रेघा सुरू झाल्या. ह्या त्याच्या मुलांच्या होत्या. थोरलीला सगळे ताई म्हणत. ती शांत, विचारी, सगळे मनात ठेवणारी. धाकट्याचे नाव पडले होते मुंगळा. जे दिसेल त्याला तो चिकटायचा आणि जे उभे असेल त्यावर चढायचा. माझे खण ओढून त्यांच्या पायऱ्या तो तिथेच करायला शिकला. मी हलत नव्हते. पट्टीने मला घट्ट धरलेले होते, आणि मला ते कळलेसुद्धा नव्हते.

मग एक दिवस घर बदलायचे ठरले. ताई-मुंगळ्याच्या बाबांना दुसऱ्या गावात काम मिळाले होते. हमाल आले. त्यांनी मला उचलून पाहिले आणि पुन्हा खाली ठेवले.

"काय भरलंय ह्यात? हत्ती?"

"रिकामं आहे हो," आई म्हणाली.

"मग हत्ती बाहेरच्या बाजूनं असणार," दुसरा हमाल म्हणाला, आणि सगळे हसले.

त्यांनी पट्टीचे स्क्रू काढून बाबांच्या हातात दिले. बाबांनी पट्टी आणि स्क्रू बिस्किटाच्या एका पत्र्याच्या डब्यात घातले आणि म्हणाले, "हे मी अगदी सुरक्षित जागी ठेवतो."

मित्रांनो, घर बदलताना जी वस्तू सुरक्षित जागी ठेवली जाते, ती पुन्हा कोणाला सापडत नाही.

नवे घर भाड्याचे होते. मला मुलांच्या खोलीत उभे केले. माझ्या समोरच दोघांची गादी होती. घरमालक खालच्या मजल्यावर राहायचे. त्यांना सगळे काका म्हणत. पहिल्याच दिवशी ते वर आले, पांढऱ्या भिंतींवरून नजर फिरवली आणि बजावून गेले, "नवा रंग आहे. एकही भोक पाडायचं नाही, बरं का. कॅलेंडरसुद्धा नको."

"पण कपाटाची पट्टी?" आईने नंतर विचारले.

"सापडू दे तर आधी," बाबा म्हणाले. "आणि काकांना आत्ताच नको दुखवायला. एवढं जड धूड कुठे पळून जातंय?"

धूड! मी ते मनावर घेतले नाही. पण पाठीमागे हात घातल्यासारखे करून पाहिले, तर तिथे काही नव्हते. भिंत होती, पण ती माझी नव्हती.

त्या खोलीची फरशी माझ्या पुढच्या बाजूला जरा उतरती होती. शिवाय शेजारच्या न्हाणीघरातले पाणी उंबऱ्यावरून झिरपत माझ्या पायांपर्यंत यायचे. पाय कुजू नयेत म्हणून बाबांनी माझ्या चारही पायांखाली लाकडी ठोकळे सरकवले. मी चार बोटे उंच झाले. आणि पुढे झुकले. फार नाही, पण मला माझा तोल कळत होता. वरून बाबांनी माझ्या डोक्यावर न उघडलेले एक खोके चढवले. त्यात काचेचे सामान होते.

त्या दिवसापासून माझी दारे आपोआप उघडू लागली. घरात कोणी जोरात चालले की दोन्ही दारे कुरकुरत पुढे यायची. मित्रांनो, माझ्याकडे तेवढेच एक बोलणे होते. मी सांगत होते, मला धरा, मी झुकले आहे. पण मुलांना वाटले, कपाट तोंड उघडते आहे. ताई पांघरुणात तोंड लपवायची. आई म्हणाली, "अहो, त्या दारांचं काहीतरी करा, पोर घाबरते." तेव्हा बाबांनी पुठ्ठ्याची घडी केली आणि दारांच्या फटीत गच्च ठोकून बसवली.

दारे गप्प झाली. बाबा खूश झाले. मी मात्र तोंडात बोळा कोंबल्यासारखे उभे राहिले.

आणि मग मुंगळ्याला माझी आठवण झाली. त्याने सर्वांत खालचा खण ओढला आणि त्यात पाय ठेवला. माझे मागचे पाय ठोकळ्यांवर जरासे हलके झाले. मी भीतीने गारठले. तेवढ्यात आईने हाक मारली, "मुंगळ्या, दूध!" आणि तो उतरून पळाला. कोणी काही पाहिले नाही. पण त्यानंतर मला एक क्षणही स्वस्थता मिळाली नाही. मुंगळ्याची पावले वाजली की माझ्या फळ्या ताठ व्हायच्या. माझ्यावर लोकांनी प्रेम केले होते, माझ्या कुशीवर त्यांची वाढ कोरलेली होती, आणि मीच एक दिवस त्या पोरावर कोसळणार होते. ह्यापेक्षा मला जळणात घालतील तर बरे, असेही वाटून गेले.

ताईलाही भीती वाटत होती, पण तिची भीती निराळी होती. नव्या शाळेत तिच्याशी कोणी बोलत नव्हते. घरी आल्यावर ती जुन्या घराची खूण म्हणून माझ्या कुशीला येऊन टेकायची. एकदा तिने स्वतःच डोक्यावर पुस्तक ठेवले, हाताने जागा धरली आणि वळून पाहिले. तिची रेघ वर होती. ती खाली होती.

तिने पुन्हा मोजले. मग मुंगळ्याला उभे केले. तोही त्याच्या रेघेच्या खाली!

"मुंगळ्या," ती कुजबुजली, "आपण लहान होतोय."

"मी मोठा आहे!"

"होतास. हे घर आपल्याला लहान करतंय. बघ ना. असंच होत राहिलं तर एक दिवस आपण दिसणारच नाही."

मुंगळा विचारात पडला. "आईला सांगू?"

"नको. आई आधीच दमलीय. खोकी पण अजून सुटली नाहीत."

मला ठोकळ्यांबद्दल सगळे माहीत होते. पण माझे तोंड पुठ्ठ्याने बंद होते. ताई रोज येऊन मोजायची, रोज तेवढीच कमी भरायची आणि रोज तिचा चेहरा उतरायचा. वाढावे म्हणून ती पोळीचा शेवटचा तुकडासुद्धा टाकेनाशी झाली. आईला वाटले, पोर घरात रुळली.

शेवटी एका सुट्टीच्या सकाळी बाबा खोलीत खोकी सोडत बसले असताना ती त्यांच्यापाशी जाऊन उभी राहिली.

"बाबा, आपण परत जाऊ या?"

"कुठे?"

"आपल्या घरी. इथे मी लहान होतेय." आणि ती रडू लागली. इतक्या दिवसांचे साठलेले रडणे होते ते.

बाबा आधी हसले. मग तिचा चेहरा पाहून हसायचे थांबले. "चल, बघू तरी," म्हणून त्यांनी तिला माझ्या कुशीला उभे केले, डोक्यावर पुस्तक ठेवले आणि तेही चक्रावले. "अरेच्चा! खरंच की!"

"मी सांगत होते ना!"

"थांब, थांब. तू लहान झालेली नाहीस, राणी. रेघच वर गेली असणार." आणि ते माझ्या पायांपाशी गुडघे टेकून, गाल जवळजवळ फरशीला लावून, ठोकळा पाहू लागले.

नेमके त्याच वेळी पुढच्या बाजूला मुंगळ्याने पहिला खण ओढला. मग दुसरा. मग तिसरा. त्याला लहान व्हायचे नव्हते. माझ्या डोक्यावर उभे राहिले की आपण सगळ्यांत उंच, असे त्याने ठरवले होते. तो चढू लागला.

मी झुकले. मी सारी ताकद मागे लावली, पण कपाटाला कसली ताकद? झाड असताना जी मुळे होती, ती मला त्या क्षणी आठवली. मी पडत होते, मित्रांनो, आणि माझ्या खाली मुंगळा होता.

बाबांनी पाहिले ते एवढेच, की माझा मागचा पाय ठोकळ्यावरून अलगद वर उचलला गेला आहे. उभे असते तर त्यांना दिसलेही नसते. ते ओरडले नाहीत. तसेच पुढे झेपावले आणि त्यांनी खांदा माझ्या छातीला लावला. "ताई, त्याला ओढ!" ताईने मुंगळ्याचे दोन्ही पाय धरून त्याला खाली खेचले. दोघे गादीवर जाऊन पडली. डोक्यावरचे खोके घसरले आणि जिथे मुंगळा होता तिथे फुटले. पुठ्ठा निसटला, माझी दारे सताड उघडली आणि वरच्या फळीवरून, कपड्यांच्या मागे दडलेला बिस्किटाचा तो पत्र्याचा डबा खणखणत फरशीवर आला. त्यातून पट्टी आणि स्क्रू बाहेर सांडले.

म्हणजे ती सुरक्षित जागा माझेच पोट होते. इतके दिवस माझी मुळे मीच पोटात घेऊन उभे होते.

आई धावत आली. तिने काचा पाहिल्या, मुले पाहिली, मला खांद्याने रेटून धरलेले बाबा पाहिले. तीही येऊन मला टेकली आणि दोघांनी मला मागे लोटले. मग मुंगळ्याला पोटाशी धरून ती इतकी रडली, की तोच तिला म्हणाला, "आई, मी आहे ना."

आवाज ऐकून काका वर आले. "काय फोडलंत एवढं?"

बाबा पट्टी हातात घेऊन उभे होते. "काका, ती भिंत..." ते चाचरले.

आई मात्र चाचरली नाही. "काका, भिंतीला भोक पडलं तर बुजवता येतं," ती म्हणाली आणि तिने मुंगळ्याला आणखी जवळ घेतले.

काकांनी फुटलेले खोके पाहिले. बाहेर आलेले खण पाहिले. आल्या पावली ते खाली गेले. मला वाटले, रागावले. थोड्या वेळाने परत आले ते हातात ड्रिल मशीन घेऊन.

"सरळ पाडा म्हणजे झालं," एवढेच पुटपुटले. पण मशीन त्यांनी बाबांच्या हातात दिलेच नाही. स्वतःच भोके पाडली, पांढरा भुगा अंगावर घेत. माझ्या पायांखालचे ठोकळे काढून त्यांनी पुढे पातळ पाचरी बसवल्या आणि मला मागे रेलवले. स्क्रू आवळला गेला तेव्हा तो गंजका पंजा मला जगातल्या सगळ्या नक्षीहून सुंदर वाटला.

मग ताई कुशीला येऊन उभी राहिली. डोळे मिटून. बाबांनी पुस्तक ठेवले, रेघ ओढली. नवी रेघ जुन्या रेघेच्या वर होती, अगदी बोटभर.

"मी वाढले!" ती म्हणाली. "इथे वाढले?"

"इथेच," आई म्हणाली.

मुंगळा अजूनही चढायला येतो. खण ओढतो, पाय ठेवतो. घरातले कोणीतरी ओरडते आणि तो उतरतो. माझी भीती गेली असे मी म्हणणार नाही. अजूनही त्याची पावले वाजली की माझ्या फळ्या ताठ होतात. पण आता पाठीमागे कोणीतरी मला धरून असते.

मित्रांनो, तुमच्याही खोलीत माझ्यासारखे एखादे उंच, मुके कपाट असेल. आज आईबाबांना त्याच्या पाठीमागे बघायला सांगा. ते म्हणतील, एवढं जड आहे, कुठे जातंय? ते हसतील. हसू द्या. पण त्यांना एकदा तरी गुडघे टेकून खाली वाकायला लावा. आणि ते वाकलेले असताना, कृपा करून, तुम्ही चढू नका.