अक्काने घातलेलं गाऱ्हाणं

सदानंद मास्तर दारू पितात हे वाडीत कुणाला माहीत नव्हतं असं नाही. कुणकेश्वरच्या अलीकडच्या त्या लहानशा वाडीत शाळेतल्या पोरांपासून मासे विकणाऱ्या बायकांपर्यंत सगळ्यांना ते ठाऊक होतं, आणि त्यात कुणाला फारसं वावगंही वाटत नव्हतं. गणित चांगलं शिकवतात, संध्याकाळची घेतात थोडी, एवढंच. माहीत नव्हतं ते हे, की गेले पाच महिने मास्तर दारू सोडत होते, आणि त्यासाठी दर दुसऱ्या शनिवारी शाळा सुटल्यावर कणकवलीला मनोविकाराच्या डॉक्टरांकडे जात होते. आमच्याकडे पिणाऱ्याला नावं ठेवण्याचाही लोकांना कंटाळा असतो, पण डोक्याच्या डॉक्टरची पायरी चढलेला माणूस मात्र जन्मभर लक्षात ठेवला जातो.

म्हणून शर्मिष्ठेने, मास्तरांच्या बायकोने, ही गोष्ट जिवापाड जपली होती. कुणी विचारलं तर जमिनीच्या केससाठी वकिलाकडे जातो म्हणून सांगायचं ठरलं होतं. कोकणात जमिनीच्या केसबद्दल कोण शंका घेणार? पहिल्याच खेपेला, दवाखान्याच्या जिन्यात उभं राहून सदानंदने तिला बजावलं होतं, "कोणाक कळला ना, तर मी परत हयसर पाय ठेवूचंय नाय." बावीस वर्षांच्या संसारात त्याने घातलेली ही एकच अट. तिने ती देवाच्या शपथेवर कबूल केली.

डॉक्टर शांत माणूस होता. त्याने सांगितलं की दारू ही वरची गोष्ट आहे, खाली बरीच जुनी उदासी आहे, आणि दोन्हींवर एकदमच इलाज करावा लागेल. ओढ कमी करणारी एक गोळी, मनासाठी दुसरी, आणि शेजारच्या खोलीत बसणाऱ्या अपेक्षा नावाच्या समुपदेशक मुलीशी दर खेपेला तासभर बोलणं. दाखल व्हायची काही गरज नाही, घरी राहून, नोकरी करत बरे व्हाल, असं तो म्हणाला तेव्हा शर्मिष्ठेला रडूच आलं. हे वाक्य पुढे आपल्याला किती महागात पडणार आहे हे तिला तेव्हा कळलं नाही.

कारण सदानंद खरंच सुधारत होता. सकाळी हात थरथरत नव्हते. दहावीच्या पोरांना तो शिकवणीला थांबवून घ्यायला लागला. चौथ्या महिन्यात एकदा तो जेवताना हसला, कशावर तेही तिला आठवत नाही, पण ती उठून आत गेली आणि पाण्याचा तांब्या घेऊन उगाचच उभी राहिली. त्याच सुमारास त्याने अपेक्षाला एक गोष्ट सांगितली. गेल्या शिमग्याच्या आधी एका दुपारी तो समुद्राकडच्या कातळाच्या कडेला जाऊन दोन तास उभा होता आणि खाली बघत होता. त्याच्या परवानगीने अपेक्षाने ते शर्मिष्ठेच्या कानावर घातलं. सध्या त्यांना फार वेळ एकटं ठेवू नका, असंही सांगितलं.

शर्मिष्ठा पतपेढीत दहा ते सहा. सदानंद शाळेतून लवकर घरी यायचा. मग घरात कोण? अक्का, त्याची आई. तेव्हा शर्मिष्ठेला अक्काला सगळं सांगावंच लागलं, दवाखाना, गोळ्या, कातळ, सगळं. अक्काने तोंडाला पदर लावून ऐकून घेतलं आणि त्या दिवसापासून ती लेकाच्या मागेमागे कधी सुपात तांदूळ घेऊन, कधी वाती वळत बसू लागली. कुणाला एक शब्द बोलली नाही. हेही सांगायला हवं, म्हणजे पुढे तिच्यावर रागावणं कुणाला सोपं जाणार नाही.

आता पैसे. सदानंदची शाळा विनाअनुदानित, पगार बारा हजार, तोही दोन-दोन महिने रखडायचा. शर्मिष्ठेचे नऊ. मुलगी गौरजा रत्नागिरीला शिकत होती. डॉक्टरची फी, अपेक्षाचे पैसे, गोळ्या आणि जाणं-येणं मिळून महिन्याला सहा हजारांच्या आसपास जायचे. शर्मिष्ठेने आधी आवर्ती ठेव मोडली, मग पाटल्या मोडल्या. मग तिने आरोग्य विम्याचे कागद काढून फोन लावला. पलीकडच्या माणसाने अत्यंत नम्रपणे सांगितलं की पेशंट किमान चोवीस तास दाखल असेल तरच पैसे मिळतील, आणि व्यसनाचा उपचार तर या पॉलिसीत बसतच नाही. सरकारी योजनेच्या कार्डाचीही तीच गत, आधी दाखल व्हा. म्हणजे माणूस आणखी थोडा बिघडला असता तर दार उघडलं असतं. तो आपल्या पायांनी जाऊन बरा होत होता हीच त्याची चूक.

सरकारी दवाखान्यात सगळं फुकट मिळत होतं, नाही असं नाही. एकदा ती त्याला तिकडे घेऊनही गेली. पण केसपेपरच्या खिडकीमागे वाडीतलाच सुदेश बसलेला. त्याने लांबूनच हात केला, "सर, तुमी हय खंय?" सदानंद म्हणाला, दात दुखतो, आणि रांगेतून बाहेर पडला. परत त्या बाजूला फिरकला नाही.

सहाव्या महिन्याच्या तोंडावर शर्मिष्ठेच्या हातात अठराशे रुपये उरले. पुढची तारीख नऊ दिवसांवर. एक खेप चुकवली तर चालेल का, असं तिने दबक्या आवाजात अपेक्षाला फोनवर विचारलं. अपेक्षाने नको म्हटलं, आत्ताच तर त्यांची गाडी रुळावर येतेय. फोन ठेवून शर्मिष्ठा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसली आणि रडली. अक्का मागच्या दारात होती. तिने ऐकलं. त्याच आठवड्यात रवळनाथाची जत्रा होती.

जत्रेच्या सकाळी देवळात अख्खी वाडी जमते. बायका ओट्या भरतात आणि ज्याला काही मागायचं असेल तो नारळ ठेवतो, गुरव त्याच्या वतीने गाऱ्हाणं घालतो. धोंडू गुरवाचा आवाज म्हणजे माडाच्या शेंड्यापर्यंत पोचणारा. गाऱ्हाणं हळू आवाजात घालायची रीत नाही, आणि जमलेल्या प्रत्येकाने दर ओळीला होकार द्यायचा, तोही रिवाज. लहानपणापासून अंगात भिनलेला, विचार करावा लागत नाही. शर्मिष्ठा ओटीचं ताट घेऊन बायकांत उभी होती. सदानंद खांबापाशी, मुख्याध्यापक गुरुदास सरांच्या शेजारी. अक्काने नारळ पुढे ठेवला आणि धोंडूच्या कानाशी बराच वेळ बोलली. शर्मिष्ठेला वाटलं, गौरजाच्या परीक्षेचं असेल.

"बा देवा रवळनाथा, बारा वाडयेच्या धन्या, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले. शर्मिष्ठाही म्हणाली.

"आज जो काय सदानंद मास्तर, तुझो लेकरू, दारू सोडूक म्हणान कणकवलीक डोक्याच्या डाक्टराकडे जाता हा, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा." या होकारात सदानंदचाही आवाज होता. सवयीने तोंडातून गेला, आणि मग आपण कशाला होय म्हणालो ते त्याला कळलं. शर्मिष्ठेने त्याच्याकडे पाहिलं तेव्हा त्याचे हात जोडलेलेच होते.

धोंडूने काही म्हणता काही सोडलं नाही. अक्काने सांगितलं ते सगळं त्याने प्रामाणिकपणे देवापुढे मांडलं. "त्येचो जीव खंयच रमत नाय, समुद्रात उडी घालूक म्हणान तो कातळार जावन उभो रवलो, म्हाराजा. औषदाक पैशे पुरनत नाय, सून रडता, म्हाराजा. ह्या संकटातसून त्येका भायर काढ, हाती घेतलेल्या कामात येश दी, म्हाराजा." आणि दर ओळीला दीड-दोनशे माणसं, त्याच्या वर्गातली पोरं, त्यांचे आईबाप, खिडकीवरचा सुदेश, मनापासून होय म्हणत होती. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं, असं शर्मिष्ठेला पुढे कितीदा तरी वाटलं.

घरी आल्यावर ती अक्कावर ओरडायला गेली आणि तिला ओरडता आलं नाही. अक्काच्या चेहऱ्यावर कित्येक दिवसांत पहिल्यांदा सुटल्यासारखं काही दिसत होतं. "देवाक अर्धा सांगलेला चलत नाय गो," ती म्हणाली. "सगळा सांगूचा लागता, तेव्हा तो करता."

आणि देवाने केलंही. दुसऱ्याच दिवशी आंब्याच्या कलमांचा बागायतदार बाबू येऊन पाच हजार ठेवून गेला, परत द्यायची घाई नाही म्हणाला. भजनी मंडळाने वर्गणीतून चार दिले. गुरुदास सरांनी शाळेत पाकीट फिरवलं. सुदेश तर संध्याकाळी मुद्दाम आला, सरकारी दवाखान्यात कुठल्या वारी कोण डॉक्टर असतो ते कागदावर लिहून देऊन गेला, आणि सरांना रांगेत उभं राहावं लागणार नाही असंही म्हणाला. आठवड्याभरात एकवीस हजार जमले. जे शर्मिष्ठेला इतके महिने धडपड करून मिळालं नव्हतं ते घरबसल्या आलं. तिने प्रत्येकाचे आभार मानले, आणि प्रत्येक वेळी आतल्या खोलीचं दार लोटलेलं आहे ना ते बघितलं.

कारण सदानंद आत होता. तो चिडला नाही, आईला एक शब्द बोलला नाही. तो शाळेत गेला तेव्हा शिपायाने त्याला बसायला खुर्ची आणून दिली. रस्त्यात माणसं थांबवून मायेने विचारत, सर, गोळ्यो घेतास मां? एका आईने शिकवणीला येणाऱ्या पोराला बजावलं की सरांना त्रास देऊ नकोस, त्यांचं मन बरं नाही, आणि पोराने वर्गात अवघड गणित विचारणं सोडलं. तिसऱ्या दिवशी शर्मिष्ठेला गोळ्यांची पट्टी होती तशीच दिसली. तिने हातात पाणी दिलं, गोळी दिली. त्याने तळहातावरच्या गोळीकडे पाहिलं.

"गोळी तोंडात टाकलंय काय सगळो गाव 'व्हय म्हाराजा' म्हणता, असा माका ऐकाक येता," तो म्हणाला, आणि गोळी परत तिच्या हातात ठेवली.

शनिवारी तिने इस्त्रीचा शर्ट काढून ठेवला. तो पडवीत बसून राहिला. तिने विनवलं, गौरजाला फोन लावून दिला, शेवटी चिडून म्हणाली की लोकांनी पैसे दिलेत, त्यांना काय तोंड दाखवू. हे बोलायला नको होतं हे तिला बोलतानाच कळत होतं. तो म्हणाला, "मी जावचंय नाय. माका म्हणा नको." मग ती एकटीच कणकवलीला गेली, पर्समध्ये तीन-साडेतीन महिने पुरतील इतके पैसे घेऊन.

डॉक्टरांनी सगळं ऐकलं. काउंटरवर तिने पुढे केलेले पैसे घेऊ नका म्हणून त्यांनीच आतून सांगितलं. "ताई, दाखल न होता घ्यायचा उपचार म्हणजे माणसाने स्वतःहून यायचं असतं," ते म्हणाले. "मी फार तर त्यांच्याशी फोनवर बोलेन. ते बोलतील का?" तिने नाही म्हणून मान हलवली. एकदम थांबलेल्या औषधाने मन आणखी खाली जाऊ शकतं, असं त्यांनी समजावलं. तसं काही वाटलं तर वेळ न घालवता इकडे किंवा जवळच्या दवाखान्यात घेऊन या, दाखल करू, आणि मुख्य म्हणजे त्यांना एकटं ठेवू नका. दाखल केलं तर पैसेही मिळतील, हे तिला पाठ होतं. ती आल्या बसने परत आली.

त्या रात्री अक्का जेवली नाही. आपलं काय चुकलं ते तिला आता कुणी न सांगता उमगलं होतं. सकाळी तिने शर्मिष्ठेला सांगितलं, मी धोंडूकडे जातंय, परत गाऱ्हाणा घालूक सांगतंय, देवा, मी सांगलंय ता सगळा इसर. शर्मिष्ठेने अडवून पाहिलं. म्हातारी ऐकेना. एकटीला सोडलं तर आणखी काय सांगून बसेल या धास्तीने तीही बरोबर निघाली. सदानंद तोंडावर पांघरूण घेऊन झोपला होता.

धोंडू देवळाचं अंगण झाडत होता. त्याने झाडू भिंतीला टेकवला आणि अक्काचं सगळं नीट ऐकून घेतलं. भला माणूस, त्याचा चेहरा पडला. "अक्का, परत घेवचा गाऱ्हाणा नसता गो," तो म्हणाला. "आणि घातला तरी ता मोठ्यानच घालूचा लागतला. सगळ्यांच्या म्होरे."

अक्का मटकन पायरीवर बसली. शर्मिष्ठाही तिच्याशेजारी बसणार होती, आणि तेवढ्यात तिच्या लक्षात आलं की आपण दोघी इथे आहोत.

ती धावत सुटली. मागून अक्का, तू हो फुडे, तू हो फुडे, म्हणत येत होती. घराचं दार उघडं होतं, अंथरूण रिकामं. विहीर बघितली, मागची बाग बघितली, न्हाणीघर बघितलं. कातळाकडे जाणाऱ्या वाटेवर वळली तेव्हा तिला धाप लागून समोरचं दिसेना. आणि त्या वाटेच्या तोंडाशीच, काजूच्या झाडाखाली, सदानंद गडग्याच्या दगडी बांधाला टेकून बसला होता. शर्टाची बटणं उघडी, शेजारी बाटली. त्याने तिच्याकडे पाहून काहीतरी म्हणायचा प्रयत्न केला, पण त्याची जीभ वळत नव्हती.

अक्का खाली पायवाटेवर पोचली होती. तिला तिथून काही दिसत नव्हतं. "आसा?" तिने विचारलं.

"आसा," शर्मिष्ठा म्हणाली. "प्यालेलो आसा."

"प्यालेलोच मां?"

"व्हय. नुसतो प्यालेलो आसा."

"बरा झाला," अक्का म्हणाली आणि रडायला लागली. शर्मिष्ठेने त्याच्या काखेत हात घातला आणि त्याला उठवायला सुरुवात केली.