सिंकचा पत्रा आणि चौथा बोल्ट

मित्रांनो, मी एक जुना पत्रा आहे, आणि खरं सांगतो, त्या दुपारच्या धक्क्यातून मी अजून पुरता सावरलेलो नाही. मी एका लहानशा लाल गाडीच्या बॉनेटखाली राहतो. माझ्या अंगावर सात लांब खाचा आहेत. नीट बघितलंत तर तुम्ही मला ओळखाल, कारण तुमच्या घरातही माझा एखादा भाऊबंद असेल. स्वयंपाकघरातल्या सिंकला लागून घासलेली भांडी निथळत ठेवतात ना, तो भाग म्हणजे मी.

सोळा वर्षं मी गार पाणी अंगावर घेतलं. घरातली आई माझ्यावर कढया पालथ्या घालायची आणि संध्याकाळी मला कोरड्या फडक्यानं पुसायची. मग सिंकचा सांधा गळू लागला, नवीन सिंक आलं आणि मी परसात भिंतीला टेकून बसलो. आपलं आता भंगारात जाणं ठरलेलं, असं धरून चाललो होतो. तेवढ्यात एका सकाळी बाबा पत्राकात्री घेऊन माझ्यापुढे उकिडवे बसले, आणि माझी पाचावर धारण बसली.

बाबा म्हणजे घरातले वडील. बसगाड्या बांधणाऱ्या कारखान्यात पत्रे ठोकण्यात त्यांची तीस वर्षं गेली. आता त्यांचा उजवा हात थरथरतो. हात थरथरायला लागल्यापासून त्यांना कुणी काही काम सांगत नसे. चहाचा कपसुद्धा आई त्यांच्या हातात अर्धाच भरून द्यायची. त्या सकाळी मात्र त्यांच्या मुलीनं, ताईनं, त्यांना काम सांगितलं होतं.

ताई एका छापखान्यात यंत्रं दुरुस्त करते. तिनं आपल्या गाडीला टर्बो बसवला होता. टर्बो म्हणजे गोगलगायीसारखं दिसणारं लोखंडी यंत्र. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर ते गरगरा फिरतं आणि इंजिनात जास्तीची हवा कोंबतं. गाडी पळते झकास, पण टर्बो तापतो असा की विचारू नका. ताईनं धुराच्या पाइपला काचेच्या धाग्याची पट्टी गुंडाळली, वायरी लांबून फिरवल्या. तरी एक अडचण राहिलीच. ब्रेकच्या तेलाची डबी टर्बोपासून जेमतेम वीतभर लांब होती. ते तेल उकळलं तर त्यात बुडबुडे होतात, आणि मग ब्रेक दाबून काही उपयोग नाही. दोघांच्या मध्ये कुणीतरी उभं राहायला हवं होतं.

बाबांनी मला कापलं, वाकवलं आणि ठोकून काढलं. हात थरथरत असल्यामुळे घाव वेडेवाकडे बसले. मी काही देखणा झालो नाही, पण मापाला तंतोतंत बसलो. ताई मला टर्बोला चिकटवून लावायला निघाली, तेव्हा बाबांनी तिला थांबवलं. चिकटून बसला तर हा स्वतः तापेल आणि पलीकडच्यालाही तापवेल, दोन बोटं अंतर सोड, मधून वारा खेळू दे, असं त्यांनी समजावलं. स्वतःची दोन बोटं त्या फटीत घालून दाखवली. चार बोल्टनी मला पक्कं केलं आणि गाडी सुरू झाली.

आयुष्यभर नळाखाली राहिलेला मी! टर्बो चढावर लालबुंद झालेला बघितला आणि माझी बोबडीच वळली. माझं रुपेरी अंग आधी पिवळं पडलं, मग निळं झालं. पण वारा मधून वाहत राहिला आणि मी तग धरला. घरी आल्यावर ताई दोन मिनिटं गाडी नुसती चालू ठेवायची, टर्बोला दम खाऊ द्यायची. आई आतून जेवायला हाका मारून कंटाळायची. मग ताई बॉनेट उघडून त्या डबीला हात लावायची आणि सांगायची, "बाबा, कोमट आहे फक्त." त्या दिवशी बाबा एक पोळी जास्त खायचे. मला वाटतं, माझ्या नोकरीतला तोच माझा पगार होता.

असं वर्षभर चाललं. मग डोंगरापलीकडच्या गावात हौशी लोकांच्या गाड्यांचं प्रदर्शन भरलं. ताईनं गाडी धुतली, बाबांना शेजारी बसवलं आणि आम्ही गेलो. मैदानावर ओळीनं गाड्या उभ्या, सगळ्यांची बॉनेटं उघडी. बाकीच्या गाड्यांची इंजिनं अशी चकाचक की मला स्वतःकडे बघवेना. एक काळ्या चष्म्याचा गृहस्थ आमच्यापाशी थांबला, माझ्याकडे बोट दाखवलं आणि मोठ्यानं म्हणाला, "हे काय, खरकटी भांडी पण इथेच घासता का?" भोवतीचे सगळे हसले. ताईही हसली. बाबा हसले नाहीत. त्यांनी थरथरता हात खिशात घातला.

थोड्या वेळानं ताई नाव नोंदवायला मंडपात गेली. तिथं मोठी रांग होती. बाबांनी इकडेतिकडे बघितलं आणि खिशातून दहा नंबरचा पाना काढला. मला वाटलं, बोल्ट आवळताहेत. अहो, ते सोडवत होते! ज्या हातांनी मला घडवलं, तेच हात मला उखडत होते. मी इतका हबकलो की शेवटचा बोल्ट गवतात पडला, तो कुठे गेला ते मलाही कळलं नाही. तो शोधायला बाबांना वेळ नव्हता. त्यांनी मला पोत्यात गुंडाळून डिक्कीत ठेवलं. "माझ्यामुळे पोरीचं हसं नको," एवढंच ते पुटपुटले.

परीक्षक आले, चकचकीत टर्बो बघून खूश होऊन गेले. ताई परत यायच्या आत बाबांनी बॉनेट लावूनही टाकलं. तासाभरानं भोंग्यावर ताईचं नाव पुकारलं. दुसरं बक्षीस, एक चांदीच्या रंगाचा कप! ताईनं तिथंच बाबांना मिठी मारली. तेव्हा सांगायचं त्यांच्या जिवावर आलं असणार. तासाभराचा तर रस्ता, घरी जाऊन गुपचूप लावू, असा त्यांनी विचार केला असेल. मी डिक्कीत पडून होतो. मला ओरडता येत असतं तर सगळं मैदान जमा केलं असतं.

परतीच्या वाटेवर आधी लांबलचक चढ होता. टर्बोची शीळ मला मागे ऐकू येत होती. आता तो लाल झाला असेल, आता त्याची धग डबीवर थेट जात असेल, हे मी नुसतं मोजत होतो. मग उतार लागला. दोन वळणं झाली, आणि ताईचा पाय पेडलसकट खाली आदळल्याचा आवाज आला. तिनं पुन्हा दाबलं, पुन्हा तोच आवाज.

"बाबा, ब्रेक लागत नाहीये."

मित्रांनो, मला पाय नाहीत, तरी माझ्या पायाखालची जमीन सरकली. पण बाबांचा आवाज जराही थरथरला नाही. "दुसरा गिअर टाक. इंजिन ओरडू दे. आता पहिला. हँडब्रेक हळूहळू ओढ, झटका देऊ नको. ती खडीची रास दिसते ना, तिच्यात घाल." गाडी खडीत घुसली, करकरली आणि थांबली. मागच्या सीटवरचा कप गडगडत खाली पडला.

ताईनं उतरून बॉनेट उघडलं. डबीतलं तेल अजून बुडबुडत होतं. माझ्या जागी चार रिकामी भोकं होती. ती भोकं बघून ताई मटकन खाली बसली. म्हणाली, पत्रा वाटेत कुठेतरी पडला, बोल्ट तिनंच नीट आवळले नसतील, तिच्या हलगर्जीपणानं आज बाबांचा जीव गेला असता. बाबा गप्प राहिले असते तर तिला आयुष्यात कधी कळलं नसतं. मी डिक्कीत श्वास रोखून होतो.

"पडला नाही," बाबा म्हणाले. "मी काढला. लोक हसत होते."

मला वाटलं, आता ताई भडकणार, आणि भडकायचा तिला हक्कही होता. पण तिचे डोळे भरून आले.

"मीही हसले होते ना," ती म्हणाली.

मग ती उठली, डिक्की उघडून मला बाहेर काढलं आणि पोत्यातून सोडवलं. टर्बो निवेपर्यंत दोघं खडीवर शेजारी शेजारी बसली. बाबांच्या खिशात बोल्ट तीनच निघाले. ताईनं सगळी गाडी धुंडाळली, चौथा कुठेच मिळेना. शेवटी तिनं मागच्या सीटखाली पडलेला कप उचलला, उलटा केला आणि त्याच्या बुडाचा बोल्ट काढून बाबांच्या हातात ठेवला. "लावा तुम्हीच," ती म्हणाली. हात थरथरत होता, बोल्ट दोनदा निसटला. ताईनं मदत केली नाही, नुसती थांबून राहिली. तिसऱ्यांदा बसला. बाबांनी फटीत दोन बोटं घालून अंतर बघितलं. संध्याकाळच्या आत ताईनं फोन करून बोलावलेला ओळखीचा मेकॅनिक मोटरसायकलवरून नवं तेल घेऊन आला, जुनं काढून नवं भरलं, तेव्हा कुठे आम्ही घरी निघालो.

तो कप आता बूड नसल्यामुळे उभा राहत नाही. आईनं तो नव्या सिंकपाशी भिंतीला टेकवलाय आणि त्यात ती चमचे निथळत ठेवते. माझी जुनी नोकरी त्याला लागली म्हणायची. चहाचा कप मात्र ती आता बाबांना काठोकाठ भरून देते. सांडला तर सांडला.

मित्रांनो, तुमच्याही घरात कुणाच्या तरी थरथरत्या हातांनी केलेली एखादी वेडीवाकडी वस्तू असेल. ती टाकायच्या आधी एवढंच बघा, की ती कुणाला कशापासून सांभाळत उभी आहे. आणि कुणी तिला हसलं, तर तुम्ही हसू नका. करणारा माणूस तिथंच कुठेतरी, हात खिशात घालून उभा असतो.