दाभणाची भोकं

मधमाश्यांच्या बाबतीत आपल्याला कुणी अक्कल शिकवू नये, असं दादाचं ठाम मत होतं. धाकट्या बहिणीचाही त्याच्यावर तेवढाच भरवसा. म्हणून तर इस्पितळात जाताना तिने आपली एकुलती एक पेटी त्याच्या स्वाधीन केली. पेटीतली राणी मेली होती. बिनराणीच्या त्या माश्या त्याच्या भरल्या पेटीत मिसळायच्या होत्या.

"दादा, मधे वर्तमानपत्र घाल हं," ती दोनदा म्हणाली. "आणि कुरतडलेला कागद जपून ठेव. मला बघायचाय."

ही युक्ती त्यानेच तिला शिकवलेली. माश्या घरचं कोण ते वासावरून ओळखतात. तिथेही आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. मधे कागद ठेवला की तो कुरतडून होईपर्यंत दोन्हीकडचे वास एक होतात आणि भांडण उरत नाही.

पण त्या दिवशी वाऱ्याने कागद दोनदा उडवला आणि कुंपणापलीकडून शेजारचा सुतार हसला. "माश्यासुद्धा पेपर वाचतात वाटतं?"

झालं! दादाला चेव चढला. "कागद नवशिक्यांसाठी. माझ्या माश्या माझा शब्द मोडत नाहीत," म्हणाला, आणि थोडा धूर देऊन त्याने एका पेटीवर दुसरी सरळ चढवली.

सकाळी पेटीखाली मेलेल्या माश्यांचा थर होता. कुणी बघत नाही ना, हे पाहून त्याने तो खड्ड्यात लोटला. साठीचा माणूस चोरासारखा वागत होता. बहीण यायच्या आदल्या दिवशी तर तो दाभण घेऊन बसला आणि वर्तमानपत्राला भोकं पाडू लागला. स्वतःचीच किळस आली, पण हात थांबला नाही.

बहीण आली ती भिंतीचा आधार घेत. पाणीही न पिता तिने कागद मागितला, खिडकीशी नेला. माश्यांनी कुरतडलं की कडा पिंजतात. ही भोकं गोल होती, गुळगुळीत. तिने एका भोकावरून बोट फिरवलं.

"दादा," ती हळूच म्हणाली, "किती उरल्या?"

तेवढ्यात त्याची बायको चहा घेऊन आली. "काय वन्सं, नांदायला लागल्या का तुमच्या माश्या?"

"न नांदायला काय झालं? दादाचा हात लागलाय," बहीण म्हणाली आणि कागदाची घडी घालू लागली.

दादाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने चार शिव्या दिल्या असत्या तर सोसल्या असत्या.

"नाही गं," तो बायकोला म्हणाला. "मी मारल्या. तिच्या सगळ्या."